अडचणीचे दिवस आणि श्रद्धावंताचे घर



सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो ज्याची इच्छितो त्याची उपजीविका विस्तृत करतो आणि ज्याची इच्छितो त्याची बेताची ठेवतो. आणि दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांच्या घरात कित्येक दिवस चूल पेटली नाही, तरी ज्यांच्या दारातून कोणी विन्मुख परतला नाही.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवस कठीण आहेत. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाची खटखट थांबली की त्या आठवड्याची मजुरी थांबते. कोकणातील किती तरी घरे आखातातून येणाऱ्या पैशांवर उभी आहेत. तिकडे करार संपला की इकडे मुलांची फी अडते. कुणाचे दुकान बसले, कुणाच्या घरी लांबणीचे आजारपण आले, कुणाच्या शेतात पावसाने दगा दिला. अशा वेळी मशिदीत शेजारी उभा राहून नमाज अदा करणाऱ्यालाही आपल्या मनातील काळजी कळत नाही आणि आपणही ती कळू देत नाही. म्हणून हा विषय आज मोकळेपणाने मांडावासा वाटतो : तंगीच्या काळात श्रद्धावंताने आपले घर कसे सांभाळावे?

तंगी हा अपमान नाही

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दिवस फिरले की माणसाला वाटू लागते, अल्लाह माझ्यावर नाराज झाला, त्याने मला टाकून दिले. नातेवाईकही दबक्या आवाजात तसेच बोलतात. दिव्य कुरआनने या विचारसरणीचे नेमके वर्णन सूरह अल्-फज्रमध्ये (८९:१५-१७) केले आहे. माणसाचा पालनकर्ता त्याला मानसन्मान व सुखसंपत्ती देऊन अजमावतो, तेव्हा तो म्हणू लागतो की माझ्या पालनकर्त्याने मला प्रतिष्ठित केले. आणि उपजीविका आखडती घेऊन अजमावतो, तेव्हा म्हणतो की मला अपमानित केले. कुरआन ही दोन्ही अनुमाने फेटाळून लावतो आणि लगेच विचारणा करतो ती अनाथाच्या सन्मानाबद्दल. यावरून स्पष्ट होते की संपत्ती हा प्रतिष्ठेचा पुरावा नाही आणि तंगी हा अपमानाचा पुरावा नाही. दोन्ही परीक्षेचे पेपर आहेत. त्या काळात आपण दुबळ्यांशी कसे वागलो, यावर गुण मिळणार आहेत.

सूरह अल्-बकरामध्ये (२:१५५) अल्लाहने आधीच बजावून ठेवले आहे की भय, भूक, तसेच वित्त, जीव व फळांची हानी यांद्वारे तो श्रद्धावंतांची परीक्षा घेईल, आणि जे संयम राखतील त्यांच्यासाठी शुभवार्ता आहे. आधी सांगून ठेवलेली परीक्षा अचानक कोसळलेल्या आपत्तीसारखी वाटू नये.

अनुभव असा आहे की तंगी घरावर तीन ठिकाणी आघात करते. पहिला आघात हातावर होतो : काही जण लोकलाजेस्तव कर्ज काढून पूर्वीसारखाच खर्च करीत राहतात, तर काही जण इतके मूठ आवळतात की बायको-मुलांची हेळसांड होते. दुसरा दारावर होतो : घर लोकांपासून तुटते, जाणे-येणे बंद होते. तिसरा काळजावर होतो : चिडचीड वाढते आणि तिचा सारा भार घरातील सर्वांत दुबळ्या जिवांवर, म्हणजे मुलांवर आणि मुक्या प्राण्यांवर पडतो. इस्लामने या तिन्ही ठिकाणी आपल्याला आधार दिला आहे. हातासाठी काटकसर, दारासाठी मैत्री आणि काळजासाठी दया.

काटकसर : उधळपट्टी आणि कृपणता यांच्या मध्ये

सूरह अल्-फुर्कानमध्ये (२५:६७) अल्लाहच्या खऱ्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की ते खर्च करतात तेव्हा उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजुषीही करीत नाहीत; त्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये समतोल असतो. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२९) हीच गोष्ट एका चित्राने समजावली आहे : हात मानेशी बांधूनही ठेवू नये आणि पूर्णपणे मोकळाही सोडू नये. जो तसे करील तो दोषास पात्र होऊन हताश बसेल.

काटकसरीचा एक मोठा धडा सूरह यूसुफमध्ये आहे (१२:४७-४८). इजिप्तच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना हजरत यूसुफ (अ.) यांनी केवळ संकटाची सूचना दिली नाही, उपायही दिला. सात वर्षे पीक चांगले येईल, तेव्हा खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसांतच राहू द्यावे, म्हणजे पुढील सात कठीण वर्षांत ते उपयोगी पडेल. कणसात राहिलेला दाणा अधिक टिकतो हे आपला शेतकरीही जाणतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एक पैगंबर, ज्यांना वह्यीचे ज्ञान होते, ते साठवणीची योजना आखीत आहेत. तेव्हा बेत आखणे, हिशेब ठेवणे, दोन पैसे बाजूला टाकणे हे अल्लाहवरील भरवशाच्या (तवक्कुल) विरुद्ध नाही. ज्यांच्या घरी आज बरे दिवस आहेत, त्यांनी ही आयत विशेष मन लावून वाचावी.

आता प्रेषितांच्या (स.) घरात डोकावून पाहा. हजरत आयशा (रजि.) आपले भाचे उर्वा यांना सांगतात की, दोन महिन्यांत आम्ही तीन चंद्रकोरी पाहत असू आणि तेवढ्या काळात प्रेषितांच्या (स.) घरांत चूल पेटलेली नसे. भाच्याने विचारले, मग खालाजान, तुम्ही जगत होता कशावर? उत्तर मिळाले, खजूर आणि पाण्यावर. शिवाय शेजारी काही अन्सार होते, त्यांच्याकडे दुभती जनावरे होती, ते दूध पाठवीत असत. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. या एका कथनात आजच्या आपल्या विषयाच्या तिन्ही बाजू आल्या आहेत : थोडक्यात भागवणारे घर, आठवण ठेवणारा शेजारी आणि दूध देणारे मुके जनावर.

एकदा प्रेषितांनी (स.) घरात तोंडी लावायला काही आहे का, असे विचारले. घरात सिरक्याखेरीज काहीच नव्हते. त्यांनी तोच मागवला, त्याबरोबर भाकरी खाल्ली आणि सिरका किती चांगले तोंडीलावणे आहे, अशी त्याची प्रशंसा केली. हजरत जाबिर (रजि.) म्हणतात की, त्या दिवसापासून मला सिरका आवडू लागला. पाहा, पुरुषाच्या एका चांगल्या शब्दाने घरातील उणीव कशी झाकली जाते! आपल्याकडे ताटात नुसती डाळ-भाकरी आली की कपाळाला आठ्या पडतात, आणि जिने निम्म्या पैशात ती डाळ शिजवली तिचे मन मोडते. ज्या घरी आज मटण परवडत नाही, त्या घरातील कर्त्या माणसाने सिरक्याची ही हदीस लक्षात ठेवावी.

प्रेषितांनी (स.) अन्नाच्या बारीकसारीक बाबतींतही मार्गदर्शन केले आहे. घास खाली पडला तर उचलून, त्याला लागलेले पुसून खावा, तो सैतानासाठी टाकू नये. ताट पुसून घ्यावे, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. वुजूसाठी ते एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांची एक ओंजळ भरेल एवढेच पाणी घेत असत. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांना या सुन्नतीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र जेथे नळाला चोवीस तास पाणी आहे, तेथील वुजूखान्यात ती अधिक आठवायला हवी.

परंतु काटकसरीच्या नावाखाली कृपणता खपवून घेतली जाऊ नये. अबू सुफियान (रजि.) यांच्या पत्नी हिंद (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली की, पती हात आखडता ठेवतात, मला व मुलांना पुरेल एवढे देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना पतीच्या संपत्तीतून स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे घेण्याची परवानगी दिली. यावरून बायको-मुलांचा खर्च हा उपकार नसून हक्क आहे हे सिद्ध होते. एका हदीसमध्ये तर असे आले आहे की अल्लाहच्या मार्गात, गुलाममुक्तीसाठी, गरिबासाठी आणि कुटुंबासाठी खर्चलेल्या दीनारांपैकी सर्वाधिक पुण्य कुटुंबावर खर्चलेल्या दीनाराचे आहे. म्हणून काटकसर घरातील मोठ्या माणसापासून सुरू झाली पाहिजे. अब्बांची पानतंबाखू, मित्रांबरोबरचा हॉटेलातला चहा, दर दोन वर्षांनी नवा मोबाईल हे सारे तसेच चालू राहणार असेल आणि कात्री मुलीच्या शाळेच्या फीला लागणार असेल, तर ती काटकसर नव्हे, अन्याय आहे.

कर्ज, व्याज आणि लोकलाज

तंगीच्या काळातील सर्वांत मोठा धोका व्याजी कर्जाचा आहे. कुरआनने व्याज निषिद्ध ठरवले आहे आणि सूरह अल्-बकरामध्ये (२:२७६) स्पष्ट केले आहे की अल्लाह व्याजाचा ऱ्हास करतो आणि दानधर्माची वाढ करतो. अनेक घरांत सुरुवात लहानशा रकमेपासून होते. दागिने गहाण पडतात, मग एक हप्ता फेडण्यासाठी दुसरे कर्ज येते. वसुलीला माणसे दारात येऊन उभी राहतात आणि घरातल्या बाईला खोटे सांगावे लागते की ते घरी नाहीत. प्रेषित (स.) नमाजमध्ये पापापासून व कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कर्जापासून इतका आश्रय का, असे विचारले असता त्यांनी सांगितले की, माणूस कर्जात बुडाला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्याला उत्तर देणाऱ्या आपल्या बहिणीचे दुःख यात आले आहे.

आणि हे कर्ज बहुधा भुकेसाठी नसते, लोकांनी काय म्हणावे यासाठी असते. लग्नाचा हॉल, पाचशे माणसांची दावत, आहेर, मांडव. खैबरहून परतताना प्रेषितांनी (स.) हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी विवाह केला, तेव्हाचा वलीमा कसा झाला? चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले आणि ज्याच्यापाशी जे होते ते त्याने आणून ठेवले. कुणी खजूर, कुणी तूप, कुणी सुके चीज. ते सारे कालवले, सर्वांनी मिळून खाल्ले आणि वलीमा पार पडला. हा वलीमा ज्यांचा आदर्श आहे त्यांनी मुलीच्या लग्नासाठी घर गहाण टाकावे, याला काय म्हणावे? ज्या जमातीत श्रीमंत माणूस आपल्या मुलाचे लग्न साधेपणाने करील, तेथे गरिबाला साधेपणाची लाज वाटणार नाही. साधे लग्न हा श्रीमंताने गरिबाला दिलेला सदकाच आहे.

नाइलाजाने हातउसने घ्यावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. प्रेषित (स.) या जगातून गेले तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुदी गृहस्थाकडे तीस साअ जवाच्या मोबदल्यात गहाण होते आणि ते जव त्यांनी घरच्यांसाठी घेतले होते. ज्यांच्या एका शब्दावर लोक जीव ओवाळून टाकीत, त्यांनीही घरच्या जवासाठी वस्तू तारण ठेवली. घेताना व्याज नसावे, देण्याचा हेतू पक्का असावा आणि हिशेब लिहिलेला असावा, एवढे पथ्य पाळावे.

मैत्री : बंद दार उघडणारी

तंगी आली की स्वाभिमानी माणूस दार लावून घेतो. कुरआनने अशा लोकांची प्रशंसाही केली आहे (२:२७३) : ते चिकाटीने मागत नाहीत, आणि त्यांचा संयम पाहून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो; मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येते. ही आयत गरजवंताला मानी राहण्याची शिकवण देते. परंतु त्याच वेळी ती आपल्यावर एक जबाबदारी टाकते, चेहरा वाचण्याची. जो मित्र तुमचा चेहरा वाचीत नाही तो कसला मित्र?

येमेनहून आलेल्या अशअरी लोकांची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आले आहे की, प्रवासात शिधा संपत आला किंवा मदीनेत घरी बायको-मुलांपुरते अन्न कमी पडू लागले, की ते आपल्यापाशी असेल नसेल ते सारे एका कापडावर एकत्र करीत आणि एकाच मापाने सर्वांत समान वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी सांगितले की ते माझे आहेत आणि मी त्यांचा आहे. केवढा हा गौरव! आणि तो मिळाला कशासाठी? तंगीत एकत्र येण्यासाठी. ज्याच्याकडे जास्त होते त्याने दान केले असे नाही आणि ज्याच्याकडे कमी होते त्याने भीक घेतली असेही नाही. कापड एक होते, माप एक होते. कुणाचे किती होते हे त्या ढिगात कुणाला कळणार?

आपल्या मोहल्ल्यात हे कसे करता येईल? चार-पाच घरे मिळून महिन्याचे धान्य घाऊक बाजारातून एकत्र आणू शकतात. पैसाही वाचतो आणि ज्याचे कमी पडते ते झाकलेही जाते. बहिणींमध्ये भिशी चालते. तिच्यात व्याज वा लिलाव नसेल आणि ज्या घरी अडचण असेल त्या घराला आधी उचल देण्याची रीत पडली, तर ती बिनव्याजी कर्जाची (कर्जे हसना) उत्तम व्यवस्था होते. ज्यांचे कुणाकडे येणे आहे त्यांनी सूरह अल्-बकराची आयत (२:२८०) आठवावी : ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला सवलत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले.

मैत्रीत देणाऱ्याची जशी परीक्षा असते तशी घेणाऱ्याचीही असते. हिजरतीनंतर प्रेषितांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्यात बंधुभाव जोडून दिला. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. मक्केतील सारे सोडून आलेल्या अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप व चीज यांच्या व्यापारापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. एका मित्राने अर्धे देऊ केले आणि दुसऱ्याने केवळ वाट घेतली. आजही काम गेलेल्या मित्राला पैशांपेक्षा कामाची वाट अधिक हवी असते. तुमच्या ओळखीच्या दुकानात, गोदामात, शाळेत जागा असेल तर त्याच्यासाठी शब्द टाका.

मैत्रीला धर्माची सीमा आहे, असे कुणी समजू नये. मक्केच्या कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला आणि दोन-तीन वर्षे त्यांना अबू तालिबांच्या घाटीत कोंडले, तेव्हा भुकेल्या मुलांचे रडणे बाहेर ऐकू येत असे. त्या दिवसांत हिशाम बिन अम्र नावाचा एक माणूस, ज्याने तोवर इस्लाम स्वीकारला नव्हता, रात्रीच्या वेळी धान्याने लादलेला उंट घाटीच्या तोंडाशी आणी, त्याची लगाम काढी आणि थाप मारून त्याला आत हाकलून देई. पुढे तो जुलमी करार रद्द करण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांतही तोच होता. आपल्या गावांतही असे शेजारी आहेत, जे ईदला आपला शीरखुर्मा खातात आणि अडीनडीला रात्री-अपरात्री धावून येतात. त्यांचे उपकार मानावेत, आणि त्यांच्या घरी अंधार असेल तेव्हा आपणही उंट हाकलून द्यावा.

शेजाऱ्याला देण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना शिकवले की, रस्सा कराल तेव्हा पाणी जरा जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. मांस वाढवायला पैसे लागतात, पाणी वाढवायला लागत नाहीत. शेजाऱ्याच्या घरी वाटीभर रस्सा गेला की त्याबरोबर दोन शब्द जातात, आणि बंद दार उघडते.

मुक्या जिवांची सोबत

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळू. पुष्कळांना वाटेल, माणसांचे भागत नाही तेथे मांजर आणि कबुतरांचा विषय कशाला? पण ज्या घरात लहान मुले आहेत त्यांना विचारा. घरात पैशांवरून आवाज चढतात तेव्हा मूल कोपऱ्यात जाऊन बसते, आणि त्याच्या मांडीवर येऊन बसते ते घरचे मांजरच.

कुरआन सांगतो (६:३८) की, पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. सूरह अल्-कहफमध्ये काही तरुणांची कथा आहे, जे आपली श्रद्धा वाचवण्यासाठी सर्वस्व सोडून गुहेत गेले. त्यांच्यापाशी एक चांदीचे नाणे होते, एकमेकांची साथ होती आणि एक कुत्रा होता. अल्लाहने त्या कुत्र्याचा उल्लेख गाळला नाही. तो उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसला होता, हे त्याच्या शाश्वत ग्रंथात नोंदले गेले आहे (१८:१८). कठीण काळात जो जीव सोबत राहतो त्याची नोंद होते.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचे टोपणनाव अबू उमैर होते. त्याच्यापाशी एक चिमुकला पक्षी होता, त्याच्याशी तो खेळत असे. प्रेषित (स.) त्यांच्या घरी जात तेव्हा त्या मुलाशी थट्टामस्करी करीत. एके दिवशी मूल उदास दिसले. पक्षी मेला होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या नावाशी जुळणारा शब्द योजून त्याला विचारले की, तुझ्या त्या छोट्या पाखराचे काय झाले? ज्यांच्या खांद्यावर साऱ्या समुदायाचा भार होता, त्यांना एका मुलाच्या पाखराचे नाव ठाऊक होते. शाफई पंथाचे विद्वान इब्न अल्-कास यांनी या एका छोट्या हदीसमधून साठच्या आसपास बोध काढले आणि त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्यासाठी त्यातील एकच पुरे आहे : मुलाचे दुःख लहान समजू नये. अब्बांचे काम गेले आणि मुलाचे पाखरू मेले, तर अब्बांनीही क्षणभर त्याच्याजवळ बसावे.

धर्माने दाखवलेल्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मांजर घरात ठेवण्यास हरकत नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी मांजरीला पिण्यासाठी पाण्याचे भांडे तिरके धरले आणि सांगितले की, प्रेषितांच्या (स.) म्हणण्यानुसार ती अपवित्र नाही, ती तुमच्यात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे प्रसिद्ध नाव तर मांजरीच्या पिलावरूनच पडले. कुत्रा शिकार, शेतीची वा गुराढोरांची राखण अशा गरजेसाठी पाळता येतो. निव्वळ हौसेसाठी ठेवल्यास पुण्य घटते, असे हदीसमध्ये आले आहे. परंतु रस्त्यावरच्या तहानलेल्या कुत्र्यालाही पाणी पाजणे हे मोठे सत्कर्म आहे. एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले, तो तोंडात धरून वर चढला आणि हापापलेल्या कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. सोबत्यांनी विचारले की जनावरांच्या बाबतीतही पुण्य आहे का? प्रेषितांनी (स.) सांगितले, प्रत्येक सजीवाच्या बाबतीत आहे.

याच्या उलट एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, तिला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. ते मांजर मेले आणि ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. या हदीसमध्ये एक नियम दडलेला आहे : खायला घाला, नाही तर मोकळे करा. तंगीच्या काळात जनावर खरोखरच पोसणे शक्य नसेल, तर ते चांगल्या घरी द्यावे. पण घरच्या हातचे खाऊन वाढलेले मांजर पोत्यात घालून गावाबाहेर टाकून येणे, म्हातारी झालेली शेळी वा बैल उपाशी बांधून ठेवणे, याचा जाब द्यावा लागेल. एका अन्सारी गृहस्थाच्या बागेत उंटाने प्रेषितांना (स.) पाहताच हंबरडा फोडला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याला कुरवाळून शांत केले आणि मालकाला विचारले की, ज्याने तुला याचा धनी केले त्या अल्लाहचे भय तुला वाटत नाही का? तू याला उपाशी ठेवल्याची आणि राबवून थकवल्याची हा तक्रार करीत आहे.

जनावर पाळायला फार पैसा लागतो असेही नाही. महागडी परदेशी मांजरे आणि त्यांचे पिशवीतले खाद्य ही हौस झाली, ती तंगीत सोडून द्यावी. देशी मांजर माशाच्या डोक्यावर आणि उरलेल्या भातावर सुखाने राहते. कोंबड्या दाणे टिपतात आणि अंडी देतात. भाजीच्या देठांवर आणि शेंगांच्या टरफलांवर शेळी जगते, मुलांना दूध देते. प्रेषितांनी (स.) उम्मे हानी (रजि.) यांना शेळ्या पाळण्यास सांगितले, कारण त्यांत बरकत आहे. स्वतः प्रेषित (स.) घरी आपली शेळी स्वहस्ते पिळत असत, आपला कपडा शिवत आणि जोडा सांधत असत. आणि ज्यांना काहीच पाळणे शक्य नाही, त्यांनी उन्हाळ्यात गच्चीवर मातीच्या परळात पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे. ते भरण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. ज्या घरात देण्यासारखे काही उरले नाही असे मोठ्यांना वाटते, त्या घरातील मूल रोज सकाळी कुणाला तरी काही देत असेल. त्याच्या मनाला गरिबी शिवणार नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना विनंती

या महिन्यात एवढे करून पाहा. एखाद्या जुम्मारात्री सर्व कुटुंब एकत्र बसवा. मिळकत किती आणि खर्च किती, हे बायकोपासून आणि समजत्या मुलांपासून लपवू नका. लपवलेली तंगी अधिक भीती घालते. एक खर्च अब्बांनी आपणहून कमी करावा आणि तो सर्वांदेखत सांगावा. ज्या एका मित्राचे घर बरेच दिवस बंद दिसते आहे त्याच्याकडे जावे, रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. आणि घरात वा अंगणात जो मुका जीव आहे, त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी मुलांबरोबर करावी. मिळकत यामुळे वाढेल असे मी म्हणत नाही. ती वाढवणे अल्लाहच्या हाती आहे आणि प्रयत्न करणे आपल्या हाती. पण घर घर राहील.

सूरह अत्-तलाकमध्ये (६५:७) अल्लाहने आश्वासन दिले आहे की, सुखवस्तू माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा आणि ज्याची उपजीविका बेताची आहे त्याने अल्लाहने दिले आहे त्यातून करावा. अल्लाह कुणावरही त्याला दिलेल्यापेक्षा अधिक भार टाकीत नाही, आणि अडचणीनंतर तो सुलभता निर्माण करतो. प्रेषितांनी (स.) पाखराचे उदाहरण दिले आहे. ते सकाळी रिकाम्या पोटी बाहेर पडते आणि सायंकाळी भरल्या पोटी परतते. लक्षात घ्या, ते घरट्यात बसून राहत नाही. बाहेर पडते, आणि मग त्याला मिळते.

हे अल्लाह! ज्यांच्या घरी आज चूल थंड आहे त्यांना सन्मानाची उपजीविका दे. ज्यांच्या मानेवर कर्ज आहे त्यांना ते फेडण्याचे बळ दे आणि व्याजापासून आमची घरे वाचव. आमचे हात उधळपट्टीपासून व कृपणतेपासून राख. आम्हाला असे मित्र दे जे चेहरा वाचतील, आणि आम्हालाही इतरांचे चेहरे वाचणारे बनव. आमच्या मुलांच्या मनात प्रत्येक सजीवाविषयी दया निर्माण कर आणि त्या दयेच्या बदल्यात आमच्यावर दया कर.

आमीन, या रब्बल आलमीन.